विश्लेषण : ओपॅसिटी कमी केली की ग्रेडियंटमध्ये पट्टे का उमटतात? फ्लेक्स छापायला देण्यापूर्वी काय करावे?

मोबाइलवर किंवा संगणकावर छान दिसणारे डिझाइन छापून आले की त्यात रंगांचे पट्टे आणि वर्तुळे दिसू लागतात. दोष मशीनला दिला जातो, पण बऱ्याचदा तो फाइलमध्येच असतो. लेअरची ओपॅसिटी कमी करताना नेमके काय बिघडते आणि ते कसे टाळायचे, याविषयी...

गेल्या उन्हाळ्यात सुप्यात आमच्या आबांचे प्रथम पुण्यस्मरण होते. घरात 'कॉम्प्युटरवाला' मीच, म्हणून फ्लेक्सचे डिझाइन माझ्याकडे आले. सहा बाय चार फुटांचा फलक, मध्ये आबांचा फेट्यातला फोटो, मागे गडद निळे आकाश आणि चेहऱ्यामागे पांढऱ्या प्रकाशाचे वलय. वलय फार झगझगीत वाटले म्हणून त्या लेअरची ओपॅसिटी १०० वरून २० टक्क्यांवर आणली. लॅपटॉपवर काम सुरेख दिसत होते.

कीर्तनाच्या आदल्या संध्याकाळी फ्लेक्स अंगणात बांधला. आत्या समोर उभी राहून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आबांच्या तोंडाभोवती ही वर्तुळं कसली रे? पाण्यात खडा टाकल्यावाणी." एकदा दिसली की ती वर्तुळे नजरेआड होईनात. मऊ प्रकाशाच्या जागी एकात एक रिंगणे उमटली होती.

मी तडक पुणे रस्त्यावरचा फ्लेक्सवाल्याचा गाळा गाठला. "भाऊ, मशीन साफ करा, पट्टे मारतंय," असे जरा चढ्या आवाजातच सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "दादा, मशीन सकाळीच साफ केलंय. तुमची फाइल एकदा झूम करून बघा." त्याने पडद्यावर फाइल मोठी करून दाखवली. वर्तुळे तिथेही होती. इंजिनीअरिंगची पदवी घेतलेल्या माणसाचा चेहरा तेव्हा कसा झाला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

सुपा हे नगर-पुणे महामार्गावरचे गाव. एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या पाट्या, दुकानांची उद्घाटने, जत्रा, गणेशोत्सव, वाढदिवस, निवडणुका आणि श्रद्धांजली यांसाठी इथे फ्लेक्सचे काम वर्षभर चालते. आता डिझाइनही अनेक जण घरीच करतात. म्हणून हा प्रश्न केवळ डिझायनरचा राहिलेला नाही.

ग्रेडियंट म्हणजे उतार की जिना?

एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू जाणारी छटा म्हणजे ग्रेडियंट. डोळ्यांना तो घाटातल्या चढासारखा सलग वाटतो. संगणकासाठी मात्र तो जिना असतो.

आपण रोज वापरतो त्या बहुतेक फाइल '८ बिट'च्या असतात. म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगासाठी ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या. ० म्हणजे तो रंग अजिबात नाही, २५५ म्हणजे पूर्ण. मधली किंमत पूर्णांकातच लिहावी लागते. ४ आहे, ५ आहे, साडेचार नाही.

पायऱ्या पुरेशा बारीक असतील तर जिना उतारासारखा दिसतो. आमच्या फलकावर वलय मध्यापासून कडेपर्यंत तीन फूट पसरले होते. सोपे व्हावे म्हणून एकाच रंगाचा विचार करू. तीन फुटांत २५५ टप्पे म्हणजे एक टप्पा जेमतेम साडेतीन मिलिमीटरचा. चार पावले दूर उभ्या माणसाला तो वेगळा दिसत नाही.

ओपॅसिटी कमी केल्यावर काय होते?

ओपॅसिटी २० टक्के याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी २० टक्के रंग वरच्या लेअरचा आणि ८० टक्के खालच्या लेअरचा. एकावर एक चित्रे ठेवण्याचे हे गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये एका शोधनिबंधात पद्धतशीर मांडले. ते गणित चोख आहे. घोळ होतो तो उत्तर पूर्णांकात बसवताना.

समजा, हिशेब फक्त पूर्ण रुपयांत करायचा आहे, सुटे पैसे चालत नाहीत. वरच्या लेअरमध्ये २०, २१, २२, २३ आणि २४ अशा शेजारच्या पाच छटा आहेत. त्यांचे २० टक्के काढले तर ४, ४.२, ४.४, ४.६ आणि ४.८ येतात. पूर्णांकात बसवल्यावर होतात ४, ४, ४, ५, ५. पाच छटांच्या दोनच उरल्या. पूर्ण ग्रेडियंटभर हेच घडते : मूळच्या सरासरी पाच छटा मिळून एक छटा होते.

म्हणजे २५५ टप्प्यांचे उरले ५१. जागा मात्र तेवढीच, तीन फूट. त्यामुळे साडेतीन मिलिमीटरची पायरी जवळपास १८ मिलिमीटरची झाली. आत्याला दिसली ती हीच पायरी.

त्यात आपला डोळाही भर घालतो. दोन सपाट छटा शेजारी आल्या की त्यांच्या सीमेवरचा फरक मेंदू प्रत्यक्षापेक्षा ठळक करून दाखवतो. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून या आभासाला 'माख पट्टे' म्हणतात. गडद आणि एकसारख्या पार्श्वभूमीवर, म्हणजे रात्रीचे आकाश, काळा-निळा पडदा किंवा दिव्यामागचे तेज, हे पट्टे अधिक टोचतात. झाडी किंवा गर्दीच्या फोटोत ते लपून जातात.

पट्टे मोडणारी युक्ती : डिदर

छटा कमी असल्या तरी उतार भासवता येतो. साडेचार ही छटा नाही ना? मग शेजारच्या ठिपक्यांना ४ आणि ५ अशा किमती आलटून-पालटून, थोड्या विस्कळीतपणे द्यायच्या. लांबून पाहणारा डोळा त्यांची सरासरी काढतो आणि त्याला साडेचार दिसते. या पद्धतीला 'डिदर' म्हणतात.

अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकणाऱ्या लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी चित्रे कमी बिटमध्ये पाठवण्यासाठी मुद्दाम थोडा 'आवाज', म्हणजे यादृच्छिक खडबडीतपणा, मिसळायची कल्पना मांडली. त्यांचा निबंध १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. हेच रॉबर्ट्स पुढे इंटरनेटची पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या उभारणीत अग्रभागी होते.

छपाईने मात्र ठिपक्यांचे हे शहाणपण त्याआधीच वापरले होते. राजा रविवर्मा यांचा शिळाप्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तिथून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे महाराष्ट्रातल्या घराघरांत लागली. या प्रकारच्या रंगीत शिळाछपाईत प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असे आणि गालावरची किंवा आकाशातली उतरती छटा दगडावर बारीक ठिपके देऊन साधली जाई. जुने चित्र भिंगाखाली धरले तर ते ठिपके दिसतात. वर्तमानपत्रातला छापील फोटोही ठिपक्यांचाच असतो.

मग डिदर असूनही पट्टे का आले?

माझी चूक इथे होती आणि अनेकांची इथेच होते. फोटोशॉपच्या ग्रेडियंट टूलमध्ये 'डिदर'ची खूण असते. मी ती केली होती. त्यामुळे वलयात २० आणि २१, २१ आणि २२ असे मिश्र ठिपके छान पसरले होते.

पण त्यानंतर ओपॅसिटी २० टक्के केली. २० चे झाले ४. २१ चे ४.२, म्हणजे पुन्हा ४. दोन्ही ठिपके सारखेच झाले आणि मिश्रण संपले. पाच छटांपैकी एखाद्याच सीमेवर थोडे मिश्र ठिपके तगले, बाकी सगळा भाग सपाट झाला.

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही : डिदर किंवा नॉईज हा ओपॅसिटी कमी करण्याआधी घालून उपयोग नाही. तो सगळ्यात शेवटी, लेअर एकत्र झाल्यावर घालायचा. आधी घातलेला डिदर ओपॅसिटीच्या गणितात पुसला जातो.

फाइल १६ बिट केली की प्रश्न सुटतो का?

अर्धा सुटतो. १६ बिटमध्ये प्रत्येक रंगाला ६५,५३६ पायऱ्या मिळू शकतात (फोटोशॉप स्वतः ३२,७६९ वापरतो). म्हणजे हिशेबात सुटे पैसेही चालू लागतात. ४.२ आणि ४.४ वेगवेगळे लिहिले जातात. ओपॅसिटी कमी केली तरी छटा गळत नाहीत.

पण छपाईसाठी किंवा मोबाइलसाठी फाइल शेवटी बहुधा ८ बिटचीच होते. त्या क्षणी ४.२ चे पुन्हा ४ होते. मधे काहीच केले नाही तर पट्टे जसेच्या तसे परत येतात. म्हणून १६ बिट ही फक्त सोय आहे. तिचा फायदा घ्यायचा तर ८ बिटमध्ये उतरण्यापूर्वी नॉईज मिसळावा लागतो. तेव्हाच ४.२ चा अर्थ 'बहुतेक ठिपके ४, काही ठिपके ५' असा उतरतो.

प्रत्यक्षात काय करावे?

तीन मार्ग आहेत. सोप्यापासून सुरुवात करू.

*पहिला मार्ग : ओपॅसिटीच टाळा.* मागचा रंग एकसारखा असेल तर हा सर्वांत स्वस्त उपाय. ओपॅसिटी कमी केल्यावर जो रंग दिसतो तोच आयड्रॉपरने उचला आणि त्या रंगाचा नवा ग्रेडियंट १०० टक्के ओपॅसिटीवर, डिदर चालू ठेवून काढा. उदाहरणार्थ, मागचा निळा रंग लाल ०, हिरवा ३२, निळा ९६ असा आहे. त्यावर २० टक्के पांढरा टाकला की लाल ५१, हिरवा ७७, निळा १२८ असा रंग येतो. मग पांढऱ्याला फिका करण्याऐवजी थेट या दोन रंगांमध्येच ग्रेडियंट काढायचा. टप्पे तेवढेच राहतात, पण या वेळी डिदर शाबूत राहतो आणि पायऱ्या विरघळतात.

*दुसरा मार्ग : १६ बिट आणि शेवटी नॉईज.* मागे फोटो असेल किंवा अनेक लेअर असतील तर हा मार्ग घ्यावा. क्रम महत्त्वाचा :

१. लेअर सुटे असतानाच 'इमेज', 'मोड' यातून फाइल १६ बिट करा. लेअर मर्ज करायचे का, असे विचारले तर नकार द्या. ८ बिटमध्ये मर्ज करून मग १६ बिट केले तर गेलेल्या छटा परत येत नाहीत.

२. ओपॅसिटी, रंग, उजळपणा जे काही बदलायचे ते आता बदला.

३. मूळ फाइल लेअरसह जपून ठेवा. तिची वेगळी प्रत करून ती फ्लॅटन करा.

४. त्या प्रतीवर 'फिल्टर', 'नॉईज', 'ॲड नॉईज' असे जा. प्रमाण सुमारे १ टक्का, 'गॉसियन' आणि 'मोनोक्रोमॅटिक' निवडा. 'मोनोक्रोमॅटिक' न निवडल्यास रंगीत कण दिसू शकतात. चेहऱ्यावर नॉईज नको असेल तर आधी फक्त पार्श्वभूमी सिलेक्ट करा.

५. यानंतरच फाइल ८ बिट करा आणि सेव्ह करा.

फोटोशॉप नसेल तरी अडत नाही. मोफत मिळणाऱ्या गिम्पमध्ये २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून ८ बिटच्या वर काम करता येते. 'इमेज' मेनूतल्या 'प्रिसिजन'मधून बिट वाढवता येतात आणि परत ८ बिटवर येताना डिदरचा पर्यायही मिळतो.

*तिसरा मार्ग : ८ बिटमध्येच शेवटचा उपचार.* वेळ नसेल, फाइल आधीच फ्लॅटन झाली असेल तर सगळ्यात वर थोडा नॉईज द्या. पायऱ्या जात नाहीत, पण त्यांच्या कडा विस्कटतात आणि लांबून त्या लपतात. पट्टे फारच ठळक असतील तर फाइल १६ बिट करून, चेहरा आणि अक्षरे वगळून, फक्त पार्श्वभूमी ब्लर करावी आणि मग नॉईज द्यावा.

फ्लेक्सच्या दुकानांत कोरलड्रॉही सर्रास वापरले जाते. त्यात ग्रेडियंटला 'फाउंटन फिल' म्हणतात आणि त्याच्या पायऱ्यांची संख्या ठरवता येते. ती कमी ठेवली गेली असेल तर ओपॅसिटीचा संबंध नसतानाही पट्टे येतील. म्हणून तो आकडा एकदा तपासावा.

आणखी एक सवय सोडायला हवी. लेअर ५० टक्के, त्याचा ग्रुपही ५० टक्के, असे एकावर एक फिके करत जायचे. परिणाम २५ टक्क्यांचा होतो आणि नंतर कोणता आकडा कुठे कमी केला हेच सापडत नाही. एकाच ठिकाणी २५ टक्के करणे बरे. तसेच, फिके करून मर्ज केलेला लेअर पुन्हा उजळ करू नये. गळालेल्या छटा उजळ केल्याने परत येत नाहीत. उरलेल्या पायऱ्याच आणखी उंच होतात.

व्हॉट्सॲपवर पाठवताना काय बिघडते?

इतके सगळे नीट करून शेवटी फाइल व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून पाठवली की मेहनत पाण्यात. फोटो लहान आकाराच्या जेपीईजीत दाबला जातो. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करते आणि जागा वाचवण्यासाठी आधी अतिबारीक तपशील टाकून देते. आपला डिदर हा नेमका तसाच अतिबारीक तपशील असतो. तो गेला की पट्टे परत येतात, शिवाय चौकोनही दिसू लागतात.

म्हणून फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून, मेलने किंवा पेन ड्राइव्हवर द्यावी. टिफ किंवा पीएनजी चालते. जेपीईजीच मागितली तर सर्वोच्च क्वालिटी निवडावी. पीडीएफ करताना आतली चित्रे जास्त दाबली जात नाहीत ना, हे पाहावे.

दोष मशीनचा की फाइलचा?

मशीनचाही दोष असू शकतो, हे खरे. फ्लेक्सच्या मशीनमध्ये हेड रोलच्या रुंदीवर इकडून तिकडे फिरते आणि कापड पुढे सरकत जाते. नोझल बुजले किंवा कापड सरकण्यात फरक पडला तर रोलच्या रुंदीच्या दिशेने, ठरावीक अंतरावर सरळ रेषा उमटतात. त्या चित्रात काय आहे हे पाहत नाहीत. चेहऱ्यावरूनही तशाच जातात.

फाइलमधले पट्टे ग्रेडियंटच्या आकाराप्रमाणे वळतात. गोल वलयात गोल, तिरक्या छटेत तिरके. शंका असेल तर साधी चाचणी करावी. ग्रेडियंटचा फूटभर तुकडा एकदा सरळ आणि एकदा ९० अंशांत फिरवून छापून घ्यावा. पट्टे चित्राबरोबर फिरले तर दोष फाइलचा. मशीनच्या दिशेनेच राहिले तर मशीनचा.

हा तुकडा खऱ्या मापातच छापावा. पूर्ण डिझाइन लहान करून छापले तर पायऱ्याही बारीक होतात आणि पट्टे दिसतच नाहीत. पडद्यावर तपासतानाही झूम १०० टक्के ठेवून पाहावे, तेही लांबी-रुंदीत सरकत. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर 'ओके' म्हणणे ही सगळ्यात महाग पडणारी घाई आहे.

आणि आबांचा फ्लेक्स?

त्या रात्री गाळ्यातच बसून फाइल दुरुस्त केली. मूळ फाइल लेअरसह होती म्हणून जमले. १६ बिट केली, प्रत फ्लॅटन केली, नॉईज दिला, पुन्हा ८ बिट. आधी फूटभर तुकडा काढला. भाऊने तो दिव्यासमोर धरला आणि मान हलवली. दुसऱ्या फ्लेक्सचे पैसे मी दिले आणि चढ्या आवाजाबद्दल माफीही मागितली. तो म्हणाला, "रोजचंच आहे दादा. फाइल कुणाचीच नसती, मशीन मात्र आपलंच असतं."

सकाळी कीर्तनाआधी नवा फलक बांधला. आत्या पुन्हा समोर येऊन उभी राहिली. या वेळी तिने वर्तुळांचे नावही काढले नाही. पदराने फलकावरची धूळ पुसली आणि हार नीट केला.

थोडक्यात लक्षात ठेवा

- ८ बिटमध्ये ओपॅसिटी जितकी कमी, तितक्या छटा कमी : १०० टक्क्यांना २५५ टप्पे, ५० टक्क्यांना सुमारे १२८, २० टक्क्यांना ५१.
- आधी दिलेला डिदर ओपॅसिटी कमी केल्यावर पुसला जातो. नॉईज शेवटी द्या.
- मागचा रंग एकसारखा असेल तर ओपॅसिटी न वापरता थेट हव्या त्या रंगाचा ग्रेडियंट काढा.
- १६ बिटमध्ये काम करा, पण नॉईज न देता ८ बिटवर उतरू नका.
- लेअर असलेली मूळ फाइल कधीही पुसू नका.
- फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि खऱ्या मापाचा तुकडा छापून पाहा.